निशाण माघारी

दसऱ्याच्या सकाळी कुलथे साहेबांनी सर्व्हरला हळदकुंकू लावलं, त्याच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली आणि मला बजावलं, "कुंदा, आता उद्यापर्यंत याला हात लावायचा नाही. पुजलेलं हत्यार आहे."

मी हसून मान डोलावली. साहेब इंजिनिअर होते, पुण्यात शिकलेले, पण सणावाराला त्यांच्यातले आजोबा जागे व्हायचे. शिवाय मलाही हात लावायची हौस नव्हती. घरी पुरण शिजत होतं आणि संध्याकाळी तात्यांचं निशाण नदी ओलांडणार होतं.

तात्या म्हणजे माझे वडील, रंगराव निकम. आमच्या निमसरीत दसऱ्याला सिद्धनाथाची पालखी सीमोल्लंघनाला निघते. देवळातून वेशीवर, वेशीतून खाली सांबरी नदीच्या वाळूत, आणि घोटाभर पाण्यातून पलीकडच्या काठावर, जिथं शमीचं झाड आहे. पालखीच्या पुढं निशाण. निशाण उतरल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालत नाही आणि निशाण उतरलं की सगळं गाव उतरतं, तान्ही पोरं खांद्यावर घेऊन. ते निशाण धरायचा मान चार पिढ्या आमच्या घरात होता. त्याला अट एकच. निघालेलं निशाण सोनं लुटल्याशिवाय माघारी फिरवायचं नाही. ज्याच्या हातून फिरलं त्याच्या घरातून मान गेला. आमच्या आधी तो काळ्यांच्या घरात होता. त्यांच्या कुणा खापरपणजोबांना म्हणे वाटेत भोवळ आली आणि ते घराकडं वळले. तेवढ्यावर मान गेला. काळ्यांच्या घरातली जुनी माणसं त्या भोवळीबद्दल अजून हळहळायची.

आमचा नदीमापन कक्ष म्हणजे एसटी स्टँडामागच्या दोन खोल्या. सांबरीला धरण नाही. वर घाटात पाऊस पडला की ती येते, थांबला की जाते, आणि येताना कुणाला विचारत नाही. म्हणून वरच्या पुलांवर यंत्रं बसवली होती. पुलाबाहेर काढलेल्या लोखंडी दांड्यावर एक पांढरा डबा. तो खाली पाण्याकडं बघत बसतो आणि पाणी किती चढलं ते मोबाइलच्या सिमवरून आमच्या सर्व्हरला कळवतो. सर्व्हर ते भिंतीवरच्या पडद्यावर दाखवतो. त्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडं होती, कंत्राटावर.

गावात माझ्या कामाला कुणी काम म्हणत नसे. त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी आमच्या कक्षानं पुराचा इशारा दिला, खालची आळी भांडीकुंडी घेऊन शाळेत जाऊन बसली, आणि घाटातला पाऊस थांबला. पाणी नदीकाठच्या पायरीलाही शिवलं नाही. इशारा खोटा नव्हता, पण पाणी आलं नाही तर लोक इशाऱ्याला खोटाच म्हणणार. तेव्हापासून देवळाच्या पारावर तात्यांना कुणीतरी हमखास विचारायचं, काय रंगराव, लेक आज पाणी सोडणार का? तात्या ऐकून घ्यायचे. घरी मात्र माझ्या नोकरीचा विषय त्यांनी कायमचा बंद केला होता.

जेवून मी परत कक्षात आले, कारण सुट्टी असली तरी पडदा कुणीतरी बघावा लागतो. येताना स्टँडवर घाटातून आलेली एसटी उभी दिसली. तिच्या टपावरून पाणी ठिबकत होतं आणि चाकं लाल चिखलानं माखली होती. निमसरीत मात्र लख्ख ऊन. साहेब माझ्या आधी येऊन खुर्चीत पेंगत होते. पडद्यावर तांबोळे पूल, पाणी घोट्याएवढं. तांबोळे हा आमच्या वरचा शेवटचा पूल. तिथलं पाणी तास-दीड तासात निमसरीला पोचतं.

"शांत आहे नदी," साहेब डोळे न उघडता म्हणाले.

शांत होती खरी. आकड्याखाली मापाची वेळ येते, ती मी वाचली. आम्ही दोघं पोटभर जेवून आलो होतो, ऊन कलायला लागलं होतं, आणि पडद्यावर अजून न्याहारीची वेळ होती. सकाळपासून नदीचा एकही आकडा आत आला नव्हता.

मी सर्व्हरसमोर बसले आणि त्याच्या डोक्यावरचं फूल बाजूला ठेवलं. साहेबांनी एक डोळा उघडला आणि पूजेची आठवण करून दिली. मी म्हटलं, पूजा झालीय साहेब, पण देव झोपलाय.

डिस्क शिगोशीग भरली होती. सर्व्हरचा स्वभाव असा की तो जे करतो ते लिहून ठेवतो. कोण बोललं, काय उत्तर दिलं, कुठं अडलं. या लिखाणाला लॉग म्हणतात. एरवी दिवसाकाठी ते थोडंसंच साचतं आणि जुनं आपोआप पुसलं जातं. आज त्या एका लॉगच्या फाइलनं फुगून सगळी डिस्क खाल्ली होती. नव्या आकड्याला टेकायला जागा उरली नव्हती, त्यामुळं नदीचे आकडे दाराशी येऊन परत जात होते.

फाइल पुसून टाकते म्हटल्यावर साहेब पुरते जागे झाले. नियम होता. वरच्या कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय लॉग पुसायचा नाही, तपासणीत विचारतात. त्यांनी वरच्या कार्यालयाला फोन लावला. दसऱ्याच्या दिवशी तिथं फोन उचलायला कोण बसणार होतं? घंटा वाजून वाजून थकली. साहेब म्हणाले, उद्या सकाळी बघू, आज नदीला कुठं काय झालंय?

"तांबोळ्याला आत्ता पाणी किती आहे, साहेब?" मी विचारलं.

ते पडद्याकडं बघायला लागले. मग मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. मग खिडकीतून स्टँडाकडं, जिथं ती चिखलानं माखलेली एसटी उभी होती. माणूस नियमाचा होता, पण दगडाचा नव्हता.

"पूस," ते म्हणाले. "लेखी मी देतो."

मी फाइल पुसली. जागा काही सुटेना. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू थोडाच घर सोडतो? लिहिणारा प्रोग्राम ती पुसलेली फाइल अजून धरून बसला होता. तो बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा कुठं डिस्क रिकामी झाली. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत डिस्क पुन्हा अर्धी भरली होती, आणि कप खाली ठेवेपर्यंत पार भरली.

मी पुन्हा पुसलं. ते पुन्हा भरलं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशी माझी गत झाली. साहेब मागं उभे राहून एकेक सुचवत होते आणि मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. मला इतकंच दिसत होतं की ऊन उतरतंय, आणि ऊन उतरलं की देवळातून पालखी निघते.

मग मी पुसायची थांबले आणि त्यात लिहिलंय तरी काय ते वाचायला घेतलं. हे आधीच करायला हवं होतं, पण घर जळत असताना आग कशानं लागली हे कोण वाचत बसतं? पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच रडगाणं होतं. तांबोळे पूल, पाणी घोट्याएवढं. तांबोळे पूल, पाणी पुलाला टेकलं. अशक्य, पुन्हा विचार. घोट्याएवढं. पुलाला टेकलं. अशक्य, पुन्हा विचार. ज्यानं तो प्रोग्राम लिहिला त्यानं शहाणपणा करून ठेवला होता: पाणी एका दमात एवढं चढलं किंवा उतरलं तर विश्वास ठेवायचा नाही, लगेच परत विचारायचं, आणि हे सगळं लिहून ठेवायचं. तसं सकाळपासून अखंड चाललं होतं.

साहेब म्हणाले, तांबोळ्याचं यंत्र बिघडलंय, तेवढं तोडून टाक, बाकीचे पूल तरी दिसतील. डिस्कचा प्रश्न त्यानं चुटकीसरशी सुटला असता, हे खरं. पण बाकीचे पूल फार वर होते, आणि निमसरीच्या आधी पाणी बघणारा डोळा तो एकच होता. मी नको म्हटलं. त्याऐवजी प्रोग्रामला आजच्यापुरतं लिहिणंच बंद करायला लावलं. म्हटलं, ओरड तुला काय ओरडायचं ते, पण लिहू नकोस. त्याला वेळ लागला, एकदा चुकलंही, पण डिस्क भरायची थांबली आणि आकडे पडद्यावर येऊ लागले. तांबोळ्याचा आकडा मात्र अजून खालीवर नाचतच होता. तेव्हा लक्षात आलं की आपलं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय. बिघाड इथं नव्हताच.

मी भैरूमामांना फोन लावला. भैरू डोईफोडे तांबोळ्याच्या पुलावरच्या यंत्राची राखण करायचे. पुलापासून चढावर त्यांची वस्ती. सणाचं जेवण करून आडवे झाले असावेत, आवाज जड होता. मी विचारलं, मामा, आज यंत्राला काही केलंत का?

"केलं की. पूजा केली. सकाळच्या पारी धुतलं, पुसलं, नारळ फोडला. झेंडूची माळ घातली, चांगली लांबडी, आंब्याच्या पानांची. तुमच्या हापिसातनं कवा कोन येतंया त्येची पूजा कराया?"

"माळ कुठं घातलीत?"

"डब्यालाच. दुसरं हाय काय तितं घालाया?"

डबा खाली पाण्याकडं बघतो आणि माळ त्याच्या तोंडासमोर लोंबतेय. वाऱ्यानं ती समोर आली की डब्याला वाटतं पाणी नाकाशी आलं, बाजूला झाली की वाटतं ओसरलं. मी डोळे मिटून घेतले. मामांचा राग यावा तर कसा यावा? त्या बिचाऱ्या डब्याला आजवर कुणी फूल वाहिलं नव्हतं.

"मामा, ती माळ काढा. आत्ताच्या आत्ता."

मग ते सावकाश म्हणाले, "त्येवढं सांगू नगंस, ताई. सोनं लुटल्याबिगार पुजल्यालं हलवायचं नस्तं. माझा बा नांगरावरचं वाळल्यालं पान बी काडत नव्हता."

"मामा, ते यंत्र खाली बघतं. तुम्ही त्याच्या डोळ्यावर माळ बांधलीय. त्याला पाणी दिसत नाही, नुसती फुलं दिसतात. घाटात पाऊस आहे. आणि इथं आता पालखी निघाली की सगळं निमसरी नदीत उतरणार आहे. काही पाप लागलं तर मी घेते माझ्या डोक्यावर."

"तुज्या डोक्यावर कशापाय? माळ म्या घातली," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

आम्ही पडद्यासमोर उभे राहिलो. आकडा नाचत होता. देवळाकडून ढोल ऐकू आले, म्हणजे पालखी उठली. साहेब नखं खात होते. मी माझ्या आयुष्यात एवढ्या आशेनं कुठल्या आकड्याकडं बघितलं नसेल. मग तो नाचायचा थांबला. पाणी छातीभर. पुढचा आकडा त्याहून वर, त्याच्या पुढचा पुरुषभर. एकामागून एक चढणारे, समजूतदार आकडे, आणि प्रत्येकाखाली आत्ताची वेळ.

मामांचा फोन आला. त्यांना धाप लागली होती. "काडली माळ. तांबडं पानी हाय, ताई. आख्खी झाडं चालल्यात पुलाखालनं. ह्ये आत्ताचं न्हाई, कवाचं चालू झालंय."

साहेबांनी फोनवर फोन लावायला सुरुवात केली. तहसीलदार पालखीबरोबरच होते आणि ढोलांत त्यांना फोन ऐकू येत नव्हता. पोलीस चौकीनं सांगितलं, नदीवर दोन शिपाई आहेत, त्यांना कळवतो. दोन शिपाई आणि सणाला आलेलं अख्खं गाव. मी स्कूटरची किल्ली उचलली. साहेब मला थांब म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "तुझे वडील ऐकतील ना?"

मी बाहेर जाऊन स्कूटर चालू केली.

मी पोचले तेव्हा निशाण वाळूत उतरून पाण्याच्या जवळ गेलं होतं आणि पालखी मागून यायची वाट बघत थांबलं होतं. वाळूत जत्रा भरली होती. भेळेच्या गाड्या, फुगेवाले, आरतीची ताटं घेतलेल्या बायका, नवे कपडे सांभाळत पळणारी पोरं. एक शिपाई शिटी वाजवून काहीतरी सांगत होता आणि लोक त्याला हसून नमस्कार करत होते. नदीत पाणी घोट्याएवढंच होतं, इतकं स्वच्छ की तळाचे खडे दिसत होते. ते बघून क्षणभर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

तात्या पांढऱ्या फेट्यात, निशाणाची काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून उभे होते. मी गर्दीतून त्यांच्यापाशी गेले. मानकऱ्याच्या अंगाला त्या वेळी बाईनं शिवू नये म्हणतात, म्हणून दोन हातांवर थांबले आणि सांगितलं की तांबोळ्याला पाणी पुरुषभर आहे आणि ते इकडं येतंय.

त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "कुनी बगितलं?"

"मी आकडा बघितला. भैरूमामांनी डोळ्यांनी बघितलं."

त्यांनी पाण्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मग न्हाई उतरत. हितंच हुबा ऱ्हातो."

एवढ्यावर माझं काम संपायला हवं होतं. निशाण थांबलं तर कुणी पाण्यात उतरणार नव्हतं, आणि थांबण्यानं मानही जात नव्हता. तात्यांनी स्वतःला नीट वाट काढली होती. पण पाणी आलं की ते त्या घोटाभर धारेत राहणार नव्हतं. ही वाळू त्याचीच होती, आणि निशाण वाळूत असेपर्यंत गावही वाळूत राहणार होतं. शिपायानं कितीही शिट्या फुंकल्या तरी.

"उभं राहून भागणार नाही, तात्या," मी म्हटलं. "निशाण माघारी न्या. वेशीपर्यंत वर. तुम्ही फिरलात तरच लोक फिरतील."

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कुंदे, तू काय मागतीस ठावं हाय का तुला?"

"ठाऊक आहे."

"आन् गेल्या सालासारकं झालं तर?"

"तर मान जाईल आणि लोक जन्मभर हसतील. तुम्हालाही आणि मलाही." मी वर वेशीकडं हात केला. "तरी न्या."

तेवढ्यात पालखीबरोबर देवस्थानचे पंच, आप्पा जगदाळे, येऊन पोचले. निशाणाशी उभी असलेली मी त्यांना दिसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "काय रंगराव, लेकीनं पानी सोडलं व्हय?" आजूबाजूचे खदखदून हसले.

तात्या हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी काठी पट्ट्यातून उचलली, खांद्यावर घेतली आणि पाण्याकडं पाठ केली.

ढोल एकेक करत बंद पडले. चार पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं ते लोक बघत होते. जगदाळेंचं हसू विरलं. ते आडवे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले की रंगराव, शुद्धीवर या, मान जाईल. तात्या म्हणाले, "जाऊ द्या. तुमी वर चला." आणि चालायला लागले. आणखी एक रीत त्या दिवशी कामाला आली: निशाणाला सोडून पालखीनं जायचं नाही. भोयांनी एकमेकांकडं बघितलं आणि पालखी वळवली. पालखी वळली म्हटल्यावर बायका वळल्या, बायका वळल्या म्हटल्यावर पोरं. कुणी शिव्या देत होतं, कुणी देवाचा कोप होईल म्हणत होतं, पण सगळे वर चढत होते. मी मागं राहून फुगेवाल्यांना आणि गाडीवाल्यांना हाकलत आले. भेळवाला गाडी सोडायला तयार नव्हता, त्याला शिपायानं दंडाला धरून आणलं.

वेशीत निशाण थांबलं. नंतरचा वेळ मी जन्मात विसरणार नाही, कारण त्यात काहीही झालं नाही. नदी खाली तशीच चमकत होती. लोक कुजबुजत होते, मग मोठ्यानं बोलायला लागले. तहसीलदारांनी घड्याळ बघितलं. काही तरुण मंडळी वैतागून परत वाळूकडं निघाली. तात्या निशाण सरळ धरून उभे होते आणि त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. मला वाटत होतं, त्यांनी एकदा तरी विचारावं, खरंच येतंय ना? त्यांनी विचारलं नाही.

आधी वास आला, ओल्या मातीचा आणि कुजक्या पाल्याचा. मग आवाज, ट्रक चढावर यावा तसा. वाळूकडं निघालेली पोरं जागच्या जागी थांबली आणि उलटी पळत सुटली. वळणावरून तांबडं पाणी आलं, त्याच्या तोंडावर झाडं, ओंडके, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा. बघता बघता वाळू दिसेनाशी झाली. भेळेची गाडी एकदा गिरकी घेऊन गेली. पलीकडच्या शमीच्या बुंध्याला पाणी लागलं. मी तिथंच धुळीत बसले आणि हमसून रडले.

गावानं तात्यांना डोक्यावर घेतलं. सात-आठ दिवस आमच्या घरी माणसांची रीघ होती. देवळातल्या बैठकीत जगदाळेंनी स्वतः हात जोडून सांगितलं की यंदाचं फिरणं हे फिरणं धरायचं नाही, मान निकमांकडंच ठेवायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्या उठले. म्हणाले, "निशान पान्यापाय फिरलं का भोवळीपाय, देवाला काय त्येचं? फिरलं ते फिरलं. काळ्यास्नी लावली ती रीत आमाला बी लावा." आणि मान काळ्यांच्या घरी परत गेला. त्यांच्या म्हाताऱ्यांनी गूळ वाटला.

मला फार वाईट वाटलं. माणसं वाचली याचा आनंद होताच, पण घरातला निशाणाचा कोपरा रिकामा दिसला की जीव तुटायचा. तो मी रिकामा केला होता. तात्या त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. कक्षात आम्ही लॉगच्या फाइलला मर्यादा घातली, ठराविक जागेपलीकडं वाढायचंच नाही अशी, आणि भैरूमामांना सांगितलं की पूजा करा, पण माळ कठड्याला घाला.

पुढच्या दसऱ्याला मी नदीवर जाणारच नव्हते. तात्या म्हणाले, चल. ते मानकऱ्यांत नव्हते, माझ्याबरोबर गर्दीत, भगिनी मंडळाच्या बायकांच्या मागं उभे होते. जुनाच फेटा बांधला होता. निशाण काळ्यांच्या थोरल्याच्या, सुदामच्या हातात होतं. तो पाण्याशी पोचला, थांबला, आणि पालखी मागं येऊन टेकली तरी पुढं जाईना. ढोल वाजत होते. जगदाळे काहीतरी खुणावत होते. सुदाम मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधत होता.

त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. ढोलवाल्यांना त्यानं हातानं गप्प केलं.

"कुंदाताई," त्यानं हाक दिली, "उतरू का?"

सगळं गाव मागं वळून माझ्याकडं बघायला लागलं. मी फोन काढला. तांबोळ्याचा आकडा बघितला, त्याच्याखालची वेळ बघितली, परत आकडा बघितला. हळूच म्हटलं, "उतरा."

शेजारी तात्यांनी घसा खाकरला.

"मोठ्यानं म्हन," ते म्हणाले. "मानाचं बोलनं हळू बोलत न्हाईत."